टोपीखालचा दात

‘आ करा’ हे दोन शब्द मी गेली तीस वर्षे दिवसातून निदान वीस वेळा तरी उच्चारत आलो आहे. रुग्ण तोंड उघडतो, मी बॅटरीचा झोत आत टाकतो, जिभेवर पट्टी ठेवतो आणि घसा पाहतो. टॉन्सिल, पडजीभ, जिभेवरचा थर असे सारे काही नजरेखालून जाते. मात्र घशाकडे जाताना ज्या दोन रांगांमधून माझी नजर आत शिरत असे, त्या रांगा मी कधी नीट पाहिल्याच नाहीत. दात हा दंतवैद्याचा प्रांत, असे मनाने केव्हाच ठरवून टाकले होते. या समजुतीची किंमत माझ्याच घरात मोजावी लागली.

माझी आई ७८ वर्षांची आहे. दहा वर्षांपूर्वी तिची खालची, डावीकडची एक दाढ काढावी लागली. त्या जागी दंतवैद्यांनी ब्रिज बसवला. म्हणजे रिकाम्या जागेच्या पुढच्या आणि मागच्या दातांवर कॅप, आणि त्यांच्या आधारावर मध्ये एक कृत्रिम दाढ. मागच्या दाढेचे रूट कॅनॉलही झाले होते. काम उत्तम झाले. घरी आल्यावर आई म्हणाली, ‘‘चला, या बाजूची काळजी मिटली.’’ मलाही तसेच वाटले.

गेल्या वर्षी सहा महिन्यांत तिचे वजन पाच किलोंनी उतरले. आधी तिने भाकरी सोडली, मग पोळी दुधात कुस्करून घेऊ लागली. तिला प्रिय असलेली शेंगदाण्याची चटणी ताटात तशीच राहू लागली. विचारले की म्हणे, ‘‘अरे, वय झालं आता. खावंसं वाटत नाही.’’ वजन उतरणारा वृद्ध रुग्ण समोर आल्यावर डॉक्टरने जे करायचे, ते मी सारे केले. रक्त, साखर, थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी. अहवाल सर्व ठीक आले. ते ठीक आल्याने दिलासा मिळण्याऐवजी माझी झोपच उडाली, कारण कारण सापडत नव्हते.

उलगडा केला तो आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी. एके दिवशी त्या सहज बोलून गेल्या, ‘‘डॉक्टर, आजी एकाच बाजूनं चावतात. माझं कधीचं लक्ष आहे.’’

त्या संध्याकाळी मी आईला ‘आ कर’ म्हटले आणि घशाच्या अलीकडे प्रथमच थांबलो. ब्रिजच्या कडेने हिरडी लालभडक झाली होती. बोट लावताच रक्त आले. दुसऱ्या दिवशी माझ्या दंतवैद्य मित्राने एक्स-रे काढला. मागच्या दाढेची टोपी शाबूत होती, पण तिच्याखालचा दात किडून पोखरला गेला होता. मित्राने आईला विचारले, ‘‘दातांच्या मधल्या फटी कशा स्वच्छ करायच्या, हे तुम्हाला कोणी शिकवलं होतं का?’’ आई माझ्याकडे पाहू लागली. मी खाली पाहिले.

टोपी बसवलेला दात आता किडणार नाही, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. शब्दशः पाहिले तर ती अर्धी खरी आहे. धातूची किंवा सिरॅमिकची टोपी किडत नाही. परंतु टोपी दाताच्या मुळापर्यंत जात नाही. ती हिरडीजवळ संपते आणि तेथून पुढे आपला मूळचा दातच असतो. टोपी आणि दात यांच्या सांध्यावर अन्नाचे कण आणि जिवाणूंचा चिकट थर साचतो. उतारवयात हिरडी मागे सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर वरच्या भागासारखे कठीण एनॅमलचे कवच नसते, त्यामुळे तेथे कीड लवकर धरते. त्यातून रूट कॅनॉल झालेल्या दाताची नस काढून टाकलेली असते. असा दात ठणकून इशारा देऊ शकत नाही. आईची दाढ दुखली नाही, हिरडी तेवढी हुळहुळत राहिली. तिने त्या बाजूने चावणे सोडले आणि त्यालाच वय असे नाव दिले.

‘‘पण मी तर दोन वेळा ब्रश करते,’’ आई म्हणाली. ते खरेच होते. दाताला पाच बाजू असतात. बाहेरची, आतली आणि चावण्याची, अशा तीन बाजूंना ब्रश पोहोचतो. शेजारच्या दातांकडे तोंड करून असलेल्या दोन बाजूंना तो नीट पोहोचत नाही. ब्रिजखालच्या जागेची तर गोष्टच वेगळी. कृत्रिम दाढ आणि हिरडी यांच्यामध्ये अन्न अडकते आणि वरून घातलेला दोरा तेथे जातच नाही, कारण ब्रिजचे दात एकमेकांना जोडलेले असतात.

त्या दिवशी मित्राने मला आरशासमोर बसवून माझ्याच दातांवर सारे शिकवले. माझ्याही तोंडात दोन टोप्या आहेत. पन्नाशी उलटलेला डॉक्टर असूनही पहिल्या दिवशी मला ते जमले नाही. लाळ गळत होती, बोटे अडत होती. रुग्णाला ‘रोज फ्लॉस करा’ असे सांगून पाठवणे किती निरर्थक आहे, हे तेव्हा उमगले. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणे आपण जसे हाताला धरून शिकवतो, तसेच हेही शिकवावे लागते.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक हातातला आरसा आणि छोट्या ब्रशांचा डबा असतो. मी शिकवलेले पहिले विद्यार्थी एक निवृत्त शिक्षक होते. मधुमेह जुना, साखर काही केल्या आवाक्यात येत नव्हती. तोंडात चार टोप्या, हिरड्या सुजलेल्या. ते म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, आमच्या वेळी ही थेरं नव्हती.’’ मी म्हटले, ‘‘गुरुजी, तुमच्या वेळी टोप्याही नव्हत्या.’’ मग त्यांना वाग्भटांची आठवण करून दिली. अष्टांगहृदयात दातवणाची काडी कशी असावी हे सांगताना, हिरड्यांना इजा न करता दात घासावेत, असे त्यांनी आवर्जून लिहून ठेवले आहे. गुरुजी हसले आणि खिशातली सेफ्टी पिन काढून टेबलावर ठेवली. जेवणानंतर ते तिनेच दात कोरत असत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच चालते. पिनेने हिरडी फाटते, जंतुसंसर्ग होतो, आणि सांध्यावरचा चिकट थर मात्र तसाच राहतो.

गुरुजींना शिकवले ते येथे क्रमाने सांगतो. रात्रीच्या जेवणानंतर, चष्मा लावून, चांगल्या उजेडात आरशासमोर बसावे. जेथे फट आहे, तेथे इंटरडेंटल ब्रश वापरावा. बाटली धुण्याच्या ब्रशाची ही इवलीशी आवृत्ती असते आणि ती वेगवेगळ्या जाडीत मिळते. केस दातांना हलके टेकतील पण तार घासणार नाही, अशी जाडी निवडावी. एकाच तोंडात दोन जाडींचे ब्रश लागू शकतात. पहिल्यांदा ही निवड दंतवैद्यांकडून करून घ्यावी. ब्रश हिरडीलगत सरळ आत घालावा आणि चार-पाच वेळा आतबाहेर करावा. जात नसेल तर जोर लावू नये, बारीक ब्रश घ्यावा. मागच्या दाढांसाठी तोंड पूर्ण उघडण्याऐवजी थोडे मिटावे, म्हणजे गाल सैल पडतो आणि हात शिरतो. वापरानंतर ब्रश धुऊन वाळवावा. केस विस्कटले किंवा तार वाकली की तो टाकून द्यावा.

दात एकमेकांना चिकटून असतील, तर दोरा म्हणजे फ्लॉस वापरावा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांबीचा दोरा घेऊन त्याची टोके दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावीत. करवतीसारखा हलकेच पुढेमागे करत तो फटीत उतरवावा, दचकन् खाली दाबू नये. मग दाताला अर्धवर्तुळात कवटाळून वरखाली फिरवावा, आणि तेच शेजारच्या दाताच्या बाजूनेही करावे. टोपीपाशी दोरा दर वेळी अडकत किंवा पिंजत असेल, तर तेथे सांध्यात काही दोष असू शकतो. दंतवैद्यांना दाखवावे. ब्रिजखाली दोरा ओवण्यासाठी सुईसारखे प्लॅस्टिकचे साधन किंवा टोक कडक केलेला फ्लॉस मिळतो. सुईत दोरा ओवलेल्या आमच्या आयांना ते चटकन कळते.

पहिल्या काही दिवसांत रक्त येते आणि बहुतेक जण तेथेच थांबतात. गुरुजीही थांबले होते. सुजलेल्या हिरडीतून रक्त येतेच. रोज हलक्या हाताने सफाई केली, तर साधारण एक-दोन आठवड्यांत ते कमी होते. तसे न झाल्यास दंतवैद्यांकडे जावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना सांगावे, पण गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. दातांवर कडक थर जमला असेल, तर तो घरच्या सफाईने निघत नाही. तो दंतवैद्यांकडूनच काढून घ्यावा लागतो.

हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना खतपाणी घालतात. गुरुजींनी दंतवैद्यांचे उपचार घेतले, सफाई नेटाने केली आणि तीन महिन्यांनी त्यांची साखर थोडी खाली आली. चमत्कार झाला नाही, गोळ्याही सुटल्या नाहीत. पण ते म्हणाले, ‘‘तोंडाचा वास गेला. नातू आता मांडीवर बसतो.’’

सर्वांनाच हे जमते असे नाही. कंपवात असलेल्या एका काकांच्या हातात तो ब्रश ठरत नसे. त्यांच्या पत्नीला मी शिकवले. रुग्णाला खुर्चीत ताठ बसवावे, आपण मागे उभे राहून त्याचे डोके आपल्या अंगाला टेकवून घ्यावे, हातमोजे घालावेत, आणि रोज एकाच बाजूने सुरुवात करावी. गिळण्यास त्रास होत असेल, तर तोंडात फार पाणी घेऊ देऊ नये. आपली बोटे दातांच्या मध्ये ठेवू नयेत, ती गालाच्या बाजूने ठेवावीत. थकवा आला तर आज खालचे, उद्या वरचे, असे करावे. दोन दिवसांआड झालेली सफाई ही मुळीच न झालेल्या सफाईपेक्षा बरी.

आईची ती दाढ वाचली नाही. ब्रिज काढावा लागला, दाढ गेली, आणि आता तेथे काढता-घालता येणारी कवळी आहे. वरच्या दोन टोप्या मात्र शाबूत आहेत आणि त्यांच्या फटी ती रोज रात्री स्वतः स्वच्छ करते. उतरलेल्या पाच किलोंपैकी तीन भरून आले आहेत. चटणी पुन्हा संपू लागली आहे.

दवाखान्यात ‘आ करा’ म्हणण्यापूर्वी मी आता दोन प्रश्न विचारतो. कोणत्या बाजूने चावता? आणि तोंडात कॅप किंवा ब्रिज आहे का? हे प्रश्न विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही. आज रात्री जेवताना आपल्या घरातील ज्येष्ठांच्या ताटाकडे एकदा पाहा. त्यात काय राहिले आहे ते पाहा, आणि मग हे दोन प्रश्न विचारा.