घसरणं आणि घसरवणं

पावसात, घाटात बाबांची गाडी घसरली (बाबा सुखरूप!), तेव्हापासून आई मला स्टिअरिंगला हात लावू देत नाही. मग काय, ‘असेटो कोर्सा’ जिंदाबाद! २०१४ चा हा इटालियन गेम म्हणजे टायरचं गणितच. टोयोटा एई८६ घ्यायची, वळणात हँडब्रेक ओढायचा. मागची चाकं सुटली की स्टिअरिंग उलट. पण अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नाही. एकदम सोडलात की टायर पुन्हा रस्ता पकडतात आणि गाडी भलतीकडेच झेपावते. पेपरात चार मार्कांपुरता असलेला स्लिप अँगल इथे हातांना कळतो.

"सारखा काय घसरतोस रे?" आई.

"घसरत नाही गं, घसरवतोय." (कॉन्व्हेंटवाल्याचं व्याकरण, दाद द्या!)

परवा ती शेजारी येऊन बसली. तीन वळणं बघितली. मग हळूच म्हणाली, "ह्यांनी तेव्हा ब्रेकच दाबला होता ना?"