तांबडी ज्वारी

वऱ्हाडची ज्वारी पांढरी, टपोऱ्या दाण्याची. त्यामुळे १९६६ साली मूर्तिजापूरजवळच्या आमच्या खेड्यात रेशनच्या दुकानापुढे तांबड्या ज्वारीची पोती उतरली, तेव्हा ती पाहण्यास सारा गाव लोटला. 'मिलो' हे तिचे नाव, अमेरिका हे तिचे माहेर. तिकडे ती गुरांना घालतात, ही वार्ता पोत्यांच्याही आधी गावात येऊन पोहोचली होती. आदल्या वर्षी पावसाने दगा दिलेला. घरची कणगी रिकामी. आजीने मुकाट्याने त्या ज्वारीच्या भाकरी थापल्या व आम्ही त्या खाल्ल्या.

त्या भाकरीवरून आमच्या ओसरीवर रोज रात्री वाद रंगे. "लोकाइच्या दाण्यावर घर चालते काय, गुरुजी?" असे आबाजी विचारीत. गुरुजी शांतपणे म्हणत, "आबाजी, हा दाणा आला नसता तर ही लेकरे आज काय खाती?" आबाजी निरुत्तर होत, परंतु दुसऱ्या रात्री तोच प्रश्न नव्या जोमाने पुढे येई.

मोठेपणी मला या व्यवहाराचा उलगडा झाला. १९५४ साली अमेरिकेने 'पी. एल. ४८०' या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. आपल्याकडील शिलकी धान्य गरजू देशांना त्यांच्याच चलनात विकता यावे, अशी त्यात तरतूद होती. १९६६ साली भारतात बाहेरून सुमारे एक कोटी टन धान्य आले. म्हणजे ती निव्वळ भीक नव्हती. आपण रुपये मोजत होतो. ते रुपये बहुतांशी याच देशात साठत गेले आणि १९७४ साली त्यांपैकी १,६६४ कोटींचा धनादेश अमेरिकेने भारताच्या हाती परत दिला. पण तीच जहाजे सोडताना अध्यक्ष जॉन्सन हात आखडता घेत. भारत शेतीसाठी काय करतो आणि व्हिएतनामच्या युद्धाविषयी काय बोलतो, यावर त्यांची नजर असे. आबाजींना यातले काहीच ठाऊक नव्हते. तथापि घेणाऱ्याची मान किती लवते, हे त्यांना सावकाराच्या दारात उमगले होते.

परदेशी गव्हाबरोबर गाजरगवताचे बीही आले, असे सांगतात. ते मात्र अजून आमच्या धुऱ्यावरून हटलेले नाही!

आबाजींचे दैवत गाडगेबाबा. बाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. बालपण आमच्याच भागात, दापुरे येथे मामांच्या घरी गेलेले. आधी अंगण झाडावे, लाकडे फोडावीत आणि मगच भाकर घ्यावी, ही त्यांची रीत. ती सांगताना आबाजींचा स्वर चढे. याच बाबांनी लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभारल्या, हे मात्र ते सोयीस्करपणे विसरत.

मला स्वतःला गुरुजींचे म्हणणे अर्धेच पटते. पोटात गेलेला दाणा त्याच दिवशी संपतो. शेतात पडलेल्या दाण्याची गोष्ट निराळी. १९६४ साली 'सीएसएच-१' ही भारतातील पहिली संकरित ज्वारी निघाली. तिच्या आईकडचे वाण अमेरिकेतून आणलेले होते. काही वर्षांनी ती आमच्याही शेतात आली. "हिच्या भाकरीले चव नाही," असे आबाजी कुरकुरत. पण उतारा पाहून दरवर्षी पेरीत. १९६९ साली अकोल्यास पंजाबराव देशमुखांच्या नावाने कृषी विद्यापीठ निघाले. अशा विद्यापीठांचा नमुनाही मुळात अमेरिकेतलाच. तिथे शिकलेल्या माणसांना मग आपल्या जमिनीचा प्रश्न परदेशी विचारायला जावे लागत नाही.

भावाचा प्रश्न ओसरीवर कधीच निघाला नाही. वऱ्हाडचे खरे धन कापूस. अमेरिकेचे सरकार आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान देते. त्यामुळे जगाच्या बाजारात भाव पडतात, अशी तक्रार २००३ साली मेक्सिकोतील कानकून येथे भरलेल्या जागतिक व्यापार परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतील चार गरीब देशांनी मांडली. परदेशी मदत त्यांनाही मिळत आली होती. आमच्या कापसाला रास्त भाव मिळू द्या, हे त्यांचे मागणे होते. ती हकीकत मी वाचली, तेव्हा अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. आबाजी असते, तर त्या दूरच्या शेतकऱ्यांची जमीन काळी की तांबडी, हे त्यांनी आधी विचारले असते.