लाज कुणाची?

गेल्या श्रावणातली गोष्ट. वर्गात सर जोतीराव फुले शिकवत होते. बोलता बोलता म्हणाले, ‘‘त्यांचे मूळ गाव आपल्याच खटाव तालुक्यातले, कटगुण.’’ झाले! मी मैत्रिणीच्या मागे लागले, ‘‘चल, बघून येऊ.’’ ती नको म्हणत होती. हट्ट माझाच. परतताना गाडी वाटेत बंद पडली आणि वडूजला पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले.

कट्ट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. आई दारातच उभी. ‘‘पोरीच्या जातीनं ह्या येळंला घरी यायचं? लोकं काय म्हणतील?’’ मी काहीच वाईट केले नव्हते. तरी मान खाली गेली आणि तोंडून निघून गेले, ‘‘मी नगं म्हणत हुते, तिनंच नेलं.’’

त्याच रात्री दादा साडेअकराला आला. आईने उठून त्याला ताट वाढले. कुणी काही विचारले नाही. त्यालाही काही वाटले नाही.

माझे वाक्य मात्र दोन दिवसांत तिच्या घरी पोचले. तिचे कॉलेज बंद झाले. नवल हे, की उशिरा आल्याची लाज मला तत्क्षणी वाटली. खोटे बोलल्याची वाटायला पंधरा दिवस लागले.

त्याच सुमारास ग्रंथालयात ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ हाती आली. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली खडसावून विचारले, की जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? जोतीरावांनी तर १८६३ सालीच पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले होते. विधवेने तिथे गुपचूप बाळंत व्हावे, पण मूल मारू नये. त्या बायांना आईचे काळीज नव्हते असे नाही. लोकलाज काळजाहून मोठी झाली होती.

माझी चूक त्यापुढे चिमूटभर. पण वाट तीच. न केलेल्या अपराधाची लाज चुकवायला मी खरा अपराध केला. लाजायला मला लहानपणापासून शिकवले, दादाला नाही. पण ती लाज लोकांच्या डोळ्यांची. आपल्या कृत्याची आपल्याला वाटावी अशी लाज आम्हा दोघांनाही कुणी शिकवली नाही.

रविवारी मी तिच्या घरी गेले. तिच्या वडिलांपुढे उभी राहिले आणि म्हणाले, ‘‘तात्या, हट्ट माझा हुता. मी खोटं बोलले.’’ पाय लटपटत होते. मान मात्र वर होती. तात्या काही बोलले नाहीत. तिने चहा आणला आणि कपबशी माझ्यापुढे आदळली.

गुरुवारी ती कॉलेजला आली. माझ्या बाकावर नाही बसली. पण आली.