उडवण्याआधी जुळवणं

पुण्याजवळच्या चऱ्होलीत मनात आलं की ड्रोन उडवला, असं चालत नाही. लोहगावचा विमानतळ इतका जवळ की २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे परवानगीशिवाय उड्डाण नाही. त्यामुळे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या जवानांचा बराचसा वेळ टेबलापाशी जातो, आणि मला ते योग्यच वाटतं. रिमोट हातात घ्यायची घाई सगळ्यांनाच असते. पण उडवण्याचा सराव सिम्युलेटरवरही होतो. पडलेला ड्रोन पुन्हा उभा करायला हातच तयार व्हावे लागतात.

मॉड्युलर ड्रोनमध्ये जे बिघडलं तेवढंच काढायचं आणि दुसरं बसवायचं. खरी मेख आहे ती काय बिघडलं हे ओळखण्यात. एखादी मोटर नुसती थरथरते, फिरत नाही. मोटर गेली, तिचा वेग सांभाळणारा ईएससी गेला, की तीनपैकी एका वायरचं सोल्डर सुटलं? मी म्हणतो, शेजारच्या आर्मवरची चांगली मोटर इथे लावा. आता फिरली, तर जुनी मोटर खराब. तरीही थरथरली, तर दोष ईएससीत किंवा जोडात. घरचा मोटरपंप उघडून बघितलेला पोरगा यात फार लवकर रुळतो. मात्र बॅटरी जोडण्याआधी पंखे उतरवायचे, यात कुणालाही सूट नाही.

पंखे बसवणं मी डोळ्यांवर पट्टी बांधून करून घेतो, कारण चौकीवर रात्री टॉर्च लावता येईलच असं नाही. कर्णावरच्या दोन मोटरी एका दिशेने फिरतात, उरलेल्या दोन उलट. पंखा चुकीच्या मोटरीवर गेला की ड्रोन जागेवरच उलटतो. पात्याची पुढची कड जाडसर असते, मागची पातळ. ती बोटांना कळली पाहिजे.

इथे इंद्रायणीकाठी जे वजन हा ड्रोन सहज उचलतो, ते लडाखमध्ये उचलेलच असं नाही. ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के उरते. थंडीत लिथियम बॅटरीवर भार आला की व्होल्टेज झपकन उतरतो. म्हणून बॅटरी जॅकेटच्या आत, अंगाशी ठेवायची आणि हवेत असताना घड्याळापेक्षा सेलच्या व्होल्टेजवर नजर ठेवायची.

२६ जुलै २०२५ रोजी द्रासमध्ये लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून आणत असल्याचं सांगितलं. त्या जवानांच्या प्रशिक्षणात उड्डाणाच्या तासांइतकीच दुरुस्तीच्या तासांचीही नोंद व्हावी, आणि शेवटच्या परीक्षेत प्रत्येकाला त्याने स्वतः जुळवलेलाच ड्रोन उडवायला द्यावा.