नाईटचे पैसे

पडदा पडला तरी बॅकस्टेजवाल्यांचं काम संपत नाही. लेव्हल्स, फ्लॅट्स टेम्पोत चढेपर्यंत स्वारगेटची मेट्रो बंद झालेली. २०२४ मध्ये भुयारी स्टेशन आलं खरं, पण यांच्या वेळेला ते जागं नसतं. मग रिक्षा, आणि नाईटच्या, म्हणजे प्रयोगामागे मिळणाऱ्या, पैशाला तिथंच कात्री.

२०२० च्या मार्चात नाट्यगृहं मिटली, तेव्हा रंगकर्मींनी यांच्या घरी शिधा पोहोचवला. छानच झालं. पण मदत म्हणजे मोबदला नव्हे. त्यासाठी निर्मात्यांनी एकत्र यायला हवं, आणि एकत्र येणं रंगभूमीला नवं नाही. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे गायकनट, एरवीचे प्रतिस्पर्धी, ‘संयुक्त मानापमान’साठी एकत्र उभे राहिले. मग आजच्या निर्मात्यांना नाईटचा किमान दर आणि रात्री घरी सोडणारी एक सामायिक गाडी का जमू नये? ज्याला विचारावं तो म्हणतो, आधी बाकीचे काय करतात ते बघू.