शाखापुराण

डॉक्टर झालेल्या मुलाला पूर्वी लोक विचारीत, "दवाखाना कुठे घालणार?" हल्ली विचारतात, "ब्रँच कोणती मिळाली?" यातले 'मिळाली' हे क्रियापद ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 'कोणती घेतली' असे सहसा कोणी विचारीत नाही. साडेचार वर्षे अभ्यास आणि वर्षभर इंटर्नशिप करून एम.बी.बी.एस. झालेला पोरगा एके दिवशी साडेतीन तास संगणकापुढे बसतो आणि दोनशे प्रश्न सोडवतो. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. त्यातून जो क्रमांक निघतो, तो ठरवतो की हा माणूस जन्मभर डोळे तपासणार, हाडे जोडणार की बाळंतपणे करणार.

मग पसंतीक्रम भरण्याचे पर्व सुरू होते. लग्नघरात पंचांग उघडावे तशी मागल्या वर्षीची कट-ऑफची यादी उघडली जाते. वरच्या क्रमांकाची मंडळी बहुधा रेडिऑलॉजी, मेडिसीन नाही तर त्वचारोग यांकडे धावतात. त्वचेचा रोगी मध्यरात्री दार ठोठावीत नाही, हा त्या शाखेचा मोठाच गुण! शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन यांवर सारी वैद्यकी उभी, पण त्या जागांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. २०२३ साली जागा भरेनात, म्हणून पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली.

आपण बाहेरचे लोक यावर लगेच 'सेवाभाव आटला' असा शेरा मारतो. मला तो पटत नाही. सलग दीड दीड दिवस ड्यूटी करायची, वर नातेवाइकांची धक्काबुक्की सोसायची, आणि मग रात्रीची झोप मागितली तर तो स्वार्थ? आनंदीबाई जोशींचे उदाहरण या मुलांच्या तोंडावर फेकण्यातही अर्थ नाही. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, त्या दुःखातून ती बाई वैद्यकीकडे वळली आणि १८८६ साली अमेरिकेत पदवी घेताना तिने प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर. तिला शाखा दुःखाने दिली होती. असे दुःख कोणाच्या वाट्याला यावे, असे कोण म्हणेल?

हे सारे मी मोठ्या तोंडाने बोलतो खरा, पण परीक्षा झाली ती आमच्या ताईच्या घरी. भाचीला चांगला क्रमांक मिळाला. रेडिऑलॉजी सहज मिळेल, असे सगळ्यांनी हिशेब करून सांगितले. आणि ही म्हणाली, "मी अ‍ॅनेस्थेशिया घेणार."

"म्हणजे भूल द्यायची?" भाऊजींनी चष्मा काढला. "अगं, पोट कोणी कापलं हे लोक नातवंडांना सांगतात. भूल कोणी दिली हे कुणाला ठाऊक असतं?"

ते खोटे नव्हते. वास्तविक १८४६ साली बॉस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून दाखवण्यापूर्वी, रोग्याला धरून ठेवायला चार दांडगी माणसे लागत आणि शल्यवैद्याची थोरवी त्याच्या चपळाईवर मोजली जाई. पण नावलौकिक सुरीचाच होतो.

भाची मला म्हणाली, "मामा, तुम्हीच ऐका. इंटर्नशिपमध्ये एक सिझेरियन बघत होते. बाईला कमरेत सुई देऊन भूल दिलेली, ती जागीच होती. एकदम तिचं ब्लडप्रेशर उतरलं. मळमळायला लागलं, घाबरली. उशाशी उभ्या असलेल्या मॅडमनी औषध दिलं, कपाळावर हात ठेवला आणि बाळाचं नाव काय ठेवणार ते विचारीत राहिल्या. दोन मिनिटांत सगळं ठीक. टेबलापाशी पोटाकडे बघणारे तिघं होते, मामा. बाईकडे बघणाऱ्या त्या एकट्याच."

यावर भाऊजी गप्प झाले. ताई मात्र नाही. तिची अडचण नावलौकिकाची नव्हतीच. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याला ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टर मुलीवर रुग्णालयातच अत्याचार होऊन तिचा खून झाला, तेव्हापासून ताईला लेक रात्री घराबाहेर असली की झोप लागत नाही. "दिवसाची शाखा घे," एवढेच ती म्हणत होती. भूल ही काही दिवसाची शाखा नव्हे. अडलेली बाळंतीण, अपघात, फुटलेले अपेंडिक्स हे रात्रीच येतात, आणि भूल देणारा आल्याखेरीज शस्त्रक्रियेला हात लागत नाही. ताईच्या भीतीला माझ्यापाशी उत्तर नव्हते, भाचीपाशीही नव्हते. ती म्हणाली, "आई, रेडिऑलॉजीलासुद्धा रात्रपाळी असतेच गं." ताई म्हणाली, "मग कमी असते ना?" "कमी असते," भाचीने कबूल केले.

पसंतीक्रम कायम करायची मुदत संपायला तासभर उरला, तेव्हा तिने तो कायम केला. पहिल्या अकरा जागा भुलेच्या, त्याही शक्य तितक्या घराजवळच्या. हा 'घराजवळ'चा तह मायलेकींत कधी झाला, ते आम्हाला पुरुषमंडळींना कळले नाही. ताईने एवढेच विचारले, "ऑपरेशन थिएटरात फार गारठा असतो म्हणतात, खरं का?" आणि कपाटाच्या वरच्या खणातून लोकर काढली.