पाणी उडतं आणि घर गार होतं!

मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता, बाहेर ४४ अंश असताना, नागपूरचा माणूस घरात चादर ओढून झोपतो, हे मला आधी कुणी सांगितलं कसं नाही? माझं माहेर मालवणचं. तिथला उन्हाळा म्हणजे ३४ अंश आणि दिवसभर अंगाला चिकटलेले कपडे. आमच्या आळीत कूलर कुणाकडेच नव्हता. आणि इथे नागपूरजवळच्या बेसा गावठाणातल्या सासरच्या जुन्या घरात, पुढे मातीच्या जाड भिंती नि कवेलू, मागे नंतर बांधलेली स्लॅबची खोली, होळी झाली रे झाली की पत्र्याचा थोराड कूलर खिडकीबाहेरच्या स्टँडवर चढतो. ताट्यांत नवं वुडवूल, त्यात मूठभर वाळा, टाकीत पाणी, आणि बटण दाबलं की काय तो वारा, काय तो वास!

मला राहवेना. मी दोन थर्मामीटर आणले, एकाच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळलं आणि दोन्ही सावलीत, पंख्यासमोर टांगले. ओल्या मलमलीतला पारा उतरतच राहिला! हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर तो २३ च्या आसपास येऊन थांबतो. म्हणजे ह्या भाजून काढणाऱ्या हवेच्या पोटातच एकवीस अंशांचा गारवा दडलेला असतो. चांगला कूलर त्यातला पाऊण भाग बाहेर काढतो आणि खोलीत २८ अंशांची झुळूक सोडतो. हेच गणित मालवणात मांडा. हवा ३४, आर्द्रता ६५ टक्के, तर ओला पारा अडतो २८ ला. मिळायचे जेमतेम चार-पाच अंश, आणि आधीच दमट असलेल्या खोलीत वरून आणखी ओल. समुद्राकाठची हवा पाण्याने आधीच भरलेली, ती आणखी पाणी घेणार ते किती! विदर्भाचा कोरडेपणा, ज्याला सगळे शिव्या घालतात, तोच इथल्या गारव्याचं भांडवल आहे.

आणि केवढं भांडवल! एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. तासाला पाच लिटर पाणी उडालं, तर एक टनाच्या एसीइतकी उष्णता शोषली जाते. वीज लागते ती पंख्याला आणि छोट्या पंपाला, घरगुती कूलरला साधारण २०० वॅट. बाकीचं सगळं काम कोरडी हवा फुकट करते. स्वयंपाकघरातला माठही ह्याच न्यायाने पाणी गार करतो, पण अख्खं घर त्यावर चालतं हे पाहणं वेगळंच! १९०२ मध्ये विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी जे एसीचं यंत्र आखलं, ते मुळात हवेतली ओल आवरण्यासाठी होतं. मालवणला ते हवंच. बेसाला मेमध्ये आवरायला ओल आहेच कुठे?

सगळ्यात मोठा धडा मात्र सासूबाईंनी दिला. मी गारवा बाहेर जाऊ नये म्हणून समोरची खिडकी लावायला निघाले, तर त्या म्हणाल्या, "अवं, खिडकी उघडी राहू दे न! हवा जाईल कुठून मग?" अगदी खरं. आत आलेली ओलसर हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली चिकचिकते. म्हणूनच कूलर खिडकीबाहेर हवा, बाहेरची कोरडी हवा ओढणारा, आणि समोर वाट मोकळी. आमच्या पुढच्या खोलीला समोरासमोर खिडक्या आहेत, वर कवेलूंच्या फटी आहेत. ही जुनी घरं जणू कूलरची वाट बघत होती!

काळजी तेवढी घ्यायचीच. पाणी भरण्याआधी प्लग काढायचा आणि अर्थिंग तपासून घ्यायचं, कारण पत्र्याच्या कूलरचा शॉक जीव घेतो. टाकी आठवड्यातून एकदा कोरडी घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. बोअरच्या पाण्याने ताट्यांवर पांढरे क्षार चढतात, ते धुवायचे.

स्लॅबच्या खोलीचं दुखणं निराळं. ती दिवसभर ऊन पिते आणि रात्री आपल्यावर ओकते. त्यावर गच्चीला चुना! पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, स्लॅब मुळात तापतोच कमी. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी लढायचा आराखडा केला, पुढे तिथे वस्त्यांची छपरं पांढरी करायचं कामही झालं. त्याच वर्षी २३ मे रोजी नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. इतक्या स्वस्तात एवढं मिळत असताना बेसाच्या नव्या-जुन्या सगळ्या गच्च्या अजून पांढऱ्या का नाहीत?

मृगाचा पाऊस स्थिरावला की कूलरची जादू संपते, मग नुसता पंखा बरा. थंडीत ह्याच जाड मातीच्या भिंती उपयोगी पडतात. फक्त उबेसाठी शेगडी बंद खोलीत कधीच पेटवायची नाही, तिचा विषारी वायू कळतही नाही. मालवणच्या बहिणीने परवा फोनवर विचारलं, "आम्हीही कूलर घेऊ का गो?" मी तिला ठामपणे "नाही" सांगितलं. म्हटलं, तुझ्या कौलारू घरात पडवीकडची झडप उघडी ठेव, छताखालचे झरोके मोकळे कर, मोठ्या पात्यांचा पंखा लाव, आणि पैसे उरले तर ओल काढणारा एसी एकाच खोलीत बसव.